एकटी चिमणी किलबिल का करत नाही?

शेजारच्या चौथीतल्या मुलीच्या वहीत ‘ध्वनिदर्शक शब्द’ या मथळ्याखाली एक वाक्य होते: ‘चिमणी खिडकीत बसून किलबिल करते.’ बाईंनी ‘किलबिल’खाली लाल रेघ ओढून वर ‘चिवचिव’ असे लिहून दिले होते. चिमणी हा पक्षी आहे, तक्त्यात ‘पक्ष्यांची किलबिल’ असे छापलेले आहे, मग चिमणीची किलबिल चूक कशी, असा सरळ प्रश्न तिने जिन्यातच मला विचारला आणि मी ‘तसं म्हणत नाहीत गं’ एवढे बोलून वेळ मारून नेली. ‘तसं म्हणत नाहीत’ हे उत्तर पुण्यात पुष्कळ प्रश्नांना चालते. पण ते उत्तर नव्हे, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळले, आणि मग त्या एका शब्दाचा पिच्छा पुरवणे भाग पडले.

बाईंचे बरोबर होते. ‘कावळ्याची किलबिल’ असे कोणी म्हणत नाही, ‘दोन साळुंक्यांची किलबिल’ असेही सहसा म्हणत नाही. किलबिल असते ती झाडावरची, पहाटेची, रानातली. म्हणजे ज्या ठिकाणी पक्षी पुष्कळ आहेत, निरनिराळे आहेत, बहुधा दिसत नाहीत आणि सगळे एकाच वेळी बोलत आहेत, तिथली. चिवचिव म्हटले की चिमणी डोळ्यांपुढे येते, कावकाव म्हटले की कावळा येतो. किलबिल म्हटले की कोणताच एक पक्षी येत नाही. म्हणून हा शब्द वरवर पाहता पक्ष्याच्या आवाजाचे नाव वाटत असला, तरी खरे तर तो ऐकणाऱ्याच्या स्थितीचे नाव आहे: अनेक आवाज कानावर पडत आहेत, ते गोड आहेत आणि ते मला वेगळे काढता येत नाहीत. हाच शब्द आपण लहान मुलांना लावतो, तोही याच कारणाने. मधल्या सुट्टीत शाळेच्या आवारातून येते ती मुलांची किलबिल; त्यातला एकच मुलगा समोर येऊन बोलू लागला, की तिची बडबड होते.

शब्दाचे व्याकरण थोडक्यात सांगून पुढे जातो. ‘किलबिल’ स्त्रीलिंगी आहे. तिला ‘-आट’ हा प्रत्यय लागला, की आवाज वाढतो आणि लिंगही बदलते: ती किलबिल, पण तो किलबिलाट. ती चिवचिव आणि तो चिवचिवाट, ती कलकल आणि तो कलकलाट, हे त्याच चालीचे. ‘किलबिलणे’ असे क्रियापदही होते आणि तेही बहुतेक अनेकवचनातच शोभते.

आता मूळ. पुण्यात १९३२ ते १९३८ या काळात य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या संपादनाखाली सात विभागांत निघालेला महाराष्ट्र शब्दकोश ज्यांनी चाळला आहे, त्यांना त्यातली ‘ध्व.’ ही चौकटी कंसातली खूण ठाऊक असेल. तिचा अर्थ ध्वनीवरून झालेला शब्द. त्याच्या शंभर वर्षे आधी, १८३१ साली, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती निघाली, त्यातही अशा शब्दांपुढे ‘अनुकरणातून आलेला’ या अर्थाची खूण असते. व्युत्पत्तीच्या उत्सुकतेने कोश उघडणाऱ्याला ही खूण पाहून थोडे फसवल्यासारखे वाटते. ‘कुंभार’ शब्दाचे कसे, ‘कुंभकार’ असा पूर्वज दाखवता येतो, प्राकृतात दोन स्वरांमधला क गळाला हे सांगता येते, त्याच नियमाने सुवर्णकाराचा सोनार आणि चर्मकाराचा चांभार झाला हे पडताळता येते. किलबिलीला असा बाप दाखवता येत नाही. संस्कृतात ‘किलकिला’ शब्द आहे, पण तो आनंदाच्या आरोळीचा. वाल्मीकी रामायणाच्या सुंदरकांडात हनुमान परत आल्यावर काही वानर ‘किलकिला’ करतात. हिंदीत तान्ह्या मुलाची ‘किलकारी’ असते. तेलुगूत पक्ष्यांच्या आवाजालाच ‘किलकिल’ म्हणतात. ही सगळी भावंडे दिसतात, पण ती एका आईची असण्याची गरज नाही. सारख्या आवाजाला सारखे कान भेटले, की सारखे शब्द वेगवेगळ्या घरांत स्वतंत्रपणेही जन्मतात. कूजनातला ‘कूज्’ आणि आपली ‘कुजबुज’ यांचे नाते जोडण्याचा मोह असाच होतो, आणि नुसत्या कानाच्या साक्षीवर तो आवरलेला बरा.

पक्ष्यांच्या शब्दांना मूळ असते की नसते, हा वाद मात्र फार जुना आहे. वेदातल्या अवघड शब्दांचे अर्थ लावणाऱ्या यास्काच्या निरुक्तात, तिसऱ्या अध्यायात, ‘काक’ शब्दाशी तो थांबतो आणि म्हणतो: ‘काक इति शब्दानुकृतिः। तदिदं शकुनिषु बहुलम्।’ काक हे आवाजाचे अनुकरण आहे आणि पक्ष्यांच्या बाबतीत असे पुष्कळदा होते. एवढ्यावर विषय संपला असता, पण यास्क प्रामाणिक होता, म्हणून त्याने लगेच विरोधी मतही नोंदवले: औपमन्यव नावाच्या आचार्याला शब्दानुकृती ही गोष्टच मान्य नव्हती. त्याच्या मते प्रत्येक नाम कोणत्या ना कोणत्या क्रियेपासूनच निघाले पाहिजे. तेव्हा काक म्हणजे ‘अपकालयितव्य’, हाकलून देण्याजोगा. वाळवणाच्या पापडांवर पहारा करत बसलेल्या कोणालाही ही व्युत्पत्ती पटेल. त्याच ओळीत तित्तिराचीही फोड आहे: तो उड्या मारत जातो म्हणून, किंवा त्याच्या अंगावर तिळाएवढे ठिपके असतात म्हणून. तित्तिर रानात ‘ति-त्ति-र’ असेच काहीसे ओरडतो, हे मात्र त्या फोडीत कोठेच येत नाही.

यास्काचे मत बरोबर होते, हे मराठी घरात सिद्ध करायला ग्रंथ लागत नाही. आपले मूल पक्ष्यांची जी पहिली दोन नावे शिकते ती काऊ आणि चिऊ, आणि दोन्ही निव्वळ अनुकरणे आहेत. पुढे शाळेत गेल्यावर काऊचा कावळा होतो आणि चिऊची चिमणी होते. ‘चिमणी’ मात्र आवाजावरून नव्हे, तर ‘चिमणा’ म्हणजे लहान, यावरून आलेली.

‘काऊ’ शब्दात एक गंमत दडलेली आहे, ती जरा जवळून पाहण्यासारखी आहे. संस्कृतातला कावळा ‘का-का’ करतो, कारण त्याचे नाव काक आहे, किंवा नाव काक आहे कारण तो ‘का-का’ करतो. जे असेल ते. कुंभकारातला क ज्या नियमाने गळाला, त्याच नियमाने ‘काक’मधला दुसरा क प्राकृतात गळाला, ‘काअ’ उरले, आणि त्यातूनच आपला काऊ, काव आणि कावळा आला. म्हणून आजचा मराठी कावळा ‘काव-काव’ करतो. पक्ष्याने आपला आवाज बदललेला नाही. त्याच्या नावाची झीज झाली, आणि झिजलेले नावच आपण पुन्हा त्याच्या तोंडी घातले. ज्ञानेश्वरांच्या प्रसिद्ध विरहिणीत पलीकडे बसलेला काऊ ‘कोकत’ असतो. तेराव्या शतकातले हे ‘कोकणे’ क्रियापद आज कावळ्यासाठी कोणी वापरत नाही, नाहीतर एकाच पक्ष्याच्या एकाच आवाजाची तिसरी नोंद आपल्या वापरात राहिली असती. अनुकरणाचे शब्द हुबेहूब असतात हा समज त्यामुळे सोडून द्यावा लागतो. ते भाषेतले शब्द असतात आणि भाषेचेच नियम पाळतात.

किलबिल हा शब्द कोणते नियम पाळतो? पहिल्यांदा वाटते, की हा ‘चहाबिहा’च्या चालीचा शब्द असावा. मराठीत कोणत्याही शब्दाचे पहिले अक्षर काढून तिथे ‘बि’ बसवले, की ‘वगैरे’चा अर्थ मिळतो: गाडीबिडी, पुस्तकबिस्तक, जेवणबिवण. ‘किल’चे ‘बिल’ नेमके या साच्यात बसते आणि हे जमले म्हणून मी क्षणभर खूषही झालो. पण साचा तपासला, तर तो गळतो. चहाबिहातला ‘चहा’ एकटा उभा राहतो. ‘किल’ एकटा उभा राहत नाही. किलबिलीत ‘वगैरे’चा अर्थही नाही. शिवाय ‘बि’चा इकार चहाबिहात बाहेरून आलेला असतो, तर किलबिलीत तो ‘कि’च्या इकाराची पुनरावृत्ती आहे.

तिचे खरे कूळ वेगळे आहे: गडबड, लगबग, गजबज, खळबळ, चुळबुळ, कुजबुज, लुडबुड, धडपड, तळमळ, डगमग. ही यादी मोठ्याने वाचून पाहावी. प्रत्येक शब्दात पहिल्या भागाचा स्वर दुसऱ्या भागात जसाच्या तसा येतो, फक्त आरंभीचे व्यंजन बदलते, आणि बदलून येणारे व्यंजन ब, प किंवा म असते. ही तिन्ही ओष्ठ्य व्यंजने आहेत, म्हणजे ओठ मिटल्याशिवाय उच्चारता न येणारी. पहिला भाग कंठाशी, टाळूशी किंवा दातांशी सुरू होतो आणि दुसरा ओठांवर येऊन आपटतो. तोंडाच्या आत आणि तोंडाच्या दारात असा हा झोका आहे. असे शब्द अस्थिर, सतत हलत्या गोष्टींसाठी आहेत हेही लक्षात येईल. सगळीच जोडशब्दांची घराणी अशी नाहीत, रिमझिम आणि सळसळ वेगळ्या घराण्यांतल्या आहेत. पण हे घराणे मोठे आहे.

ही रीत फक्त मराठीची नाही. कन्नडमध्ये पक्ष्यांच्या किलबिलीला ‘चिलिपिली’ म्हणतात, बंगालीत ‘किचिर-मिचिर’. आपला ब, कन्नडचा प आणि बंगालीचा म, तिन्ही ओष्ठ्य. कन्नडमध्ये आपल्या ‘पुस्तकबिस्तक’च्या जागी ‘गि’ लावून शब्द करतात आणि बंगालीत त्या कामाला ‘ट’ येतो, म्हणजे त्या भाषांतल्या पक्ष्यांच्या शब्दांतला प किंवा म तिथल्या ‘वगैरे’च्या साच्यातून आलेला असणे शक्य नाही. चहाबिहाची कल्पना मी सोडून दिली ती मुख्यतः यामुळे. कन्नड द्राविडी आणि मराठी, बंगाली आर्यकुळातल्या असूनही हे साम्य आहे. भारतीय भाषा वंशाने वेगळ्या असल्या, तरी शेजाराने एकमेकींसारख्या झाल्या आहेत हा विचार मांडणारे अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९६९ साली नेमका हाच विषय, म्हणजे भारतातल्या भाषांमधले अनुकरणवाचक शब्द, एका स्वतंत्र लेखासाठी निवडला होता. अशा शब्दांची दुरुक्ती पाणिनीच्या परंपरेलाही ठाऊक होती. स्पष्ट अक्षरे नसलेल्या आवाजाच्या नकलेला पाणिनी ‘अव्यक्तानुकरण’ म्हणतो, त्याच्यासाठी प्रत्यय सांगतो, आणि उदाहरण येते ते ‘पटपटा’. आपण आजही तेच म्हणतो, फक्त घाईसाठी.

ओठांवरून एक गोष्ट आठवली, ती इथेच सांगतो. पक्ष्याला ओठ नाहीत, दात नाहीत. माणसाचा आवाज गळ्यातल्या स्वरयंत्रात निर्माण होतो. पक्ष्याचा त्याच्या खूप खाली, श्वासनलिका छातीत उतरून दोन फुप्फुसांकडे जिथे दुभंगते त्या फाट्यावर. फाट्याच्या दोन्ही बाजू बऱ्याच पक्ष्यांना स्वतंत्रपणे वापरता येतात, त्यामुळे काही पक्षी एकाच वेळी दोन सूर काढतात. थोडक्यात, ‘किलबिल’मधला ब कोणत्याही बुलबुलाने कधी उच्चारलेला नाही. तो आपण घातला. यास्काने कोंबड्याच्या ‘कृकवाकु’ या नावाची फोड करताना पूर्वार्ध आवाजाचे अनुकरण आणि उत्तरार्ध ‘बोलणे’ या अर्थाच्या वच् धातूपासून, असे सांगितले आहे. किलबिलीचीही तशीच वाटणी करता येईल: ‘कि’ पक्ष्याकडून, ‘ब’ माणसाकडून.

‘कि’ पक्ष्याकडून, असे का म्हणायचे? लहान पक्ष्यांचे आवाज चढ्या सुरातले असतात आणि त्यांच्यासाठी मराठीने जे शब्द केले त्यांत इकार भरलेला आहे: चिवचिव, टिवटिव, किलबिल. पारवा मोठा, त्याचा आवाज खर्जातला, म्हणून तो ‘घुमतो’. घुबडाचा ‘घूत्कार’ होतो. तिथे उकार आला. इ उच्चारताना जीभ टाळूजवळ जाते, पुढची पोकळी लहान होते आणि आवाजातली उंच कंप्रता उठून दिसते. उ उच्चारताना ओठांचा चंबू होतो आणि आवाज खाली घुमतो. एडवर्ड सपीर यांनी १९२९ साली केलेला एक प्रयोग भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे. ‘माल’ आणि ‘मिल’ असे दोन बनावट शब्द सांगून, यांतले एक लहान टेबल आणि एक मोठे, तर कोणते कोणते, असे विचारल्यावर बहुतेकांनी ‘माल’ मोठे ठरवले. मराठीतही चिमुकले, इवलेसे, पिटुकले, किंचित यांत इकार आहे, डोळे जेमतेम उघडले की ते ‘किलकिले’ होतात. अर्थात ‘विशाल’ आणि ‘विराट’ याच भाषेत राहतात, तेव्हा हा नियम नव्हे, कल आहे. पण किलबिल आणि कलकल हे शब्द शेजारी ठेवले, तर कल चांगला दिसतो. व्यंजने जवळपास तीच, स्वर इ ऐवजी अ, आणि लगेच आवाज मोठा, जाड आणि नकोसा झाला. वर्गात बाई प्रसन्न असतील, तर मुलांची किलबिल चाललेली असते. डोके दुखत असेल, तर त्याच आवाजाला ‘कलकलाट बंद करा’ असे ऐकावे लागते.

आणि तरीही याच ‘कल’पासून मराठीतला पक्ष्यांच्या आवाजाचा सर्वांत प्रतिष्ठित शब्द आला आहे: कलरव. अमरकोशात, म्हणजे संस्कृतातल्या जुन्या समानार्थी शब्दांच्या कोशात, ‘कल’ची व्याख्या दोन शब्दांत आहे, ‘मधुरास्फुट’ ध्वनी. मधुर आणि अस्फुट, म्हणजे गोड पण अक्षरे न कळणारा. किलबिलीची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही. त्याच अमरकोशात ‘कलकल’ मात्र कोलाहलाचा समानार्थी आहे. कल एकदा गोड आणि दोनदा त्रासदायक. आणखी पुढे पक्ष्यांच्या नावांत गेले, तर ‘पारावतः कलरवः कपोतः’ असे येते. पारावत म्हणजे आपला पारवा, आणि कलरव हे त्याचे एक नावच आहे. पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत बाल्कनीला जाळी ठोकून ज्याला बाहेर ठेवण्याचा खटाटोप चालतो, त्याचे हे संस्कृत नाव ऐकल्यावर मनुष्याने निदान जरा ओशाळावे.

कलरवातला ‘रव’ रु या धातूपासून, आणि त्याला ‘आ’ लागून झालेला ‘आरव’ म्हणजेही आवाज. मराठीने तो क्रियापदात घेतला आणि एकट्या कोंबड्यासाठी राखून ठेवला: कोंबडा आरवतो, दुसरे कोणी आरवत नाही. अलीकडे बारशाला आरव हे नाव फार ठेवले जाते आणि त्याचा अर्थ ‘शांत’ असा सांगितला जातो. तो अर्थ ‘अरव’चा, आकार दीर्घ असेल, तर अर्थ उलट होतो. घरात वर्ष-दोन वर्षांचा आरव असलेल्यांना हे कोशाशिवायही कळते.

राहिला ‘कूजन’. पाणिनीच्या परंपरेतला धातुपाठ म्हणजे संस्कृतातल्या सुमारे २००० धातूंची, एक-दोन शब्दांत अर्थ दिलेली यादी. तिथे ‘कूज’ धातूचा अर्थ आहे ‘अव्यक्ते शब्दे’, अव्यक्त आवाज करणे. भुंग्याच्या गुंजनाचा धातूही तोच अर्थ घेऊन येतो. माणसाच्या ‘वद’ धातूपुढे मात्र ‘व्यक्तायां वाचि’ असे लिहिले आहे. व्यक्त म्हणजे ज्यात वर्ण वेगवेगळे ओळखू येतात ते. रेष इथे आखलेली आहे: आपण बोलतो, ते कूजतात. ही रेष व्याकरणात किती खोल गेली होती, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. पुष्कळ माणसे मिळून एकदम बोलत असतील, तर पाणिनीच्या सूत्रानुसार वद् धातूचे रूप ‘संप्रवदन्ते’ असे होते. कोंबडे मिळून एकदम आरवत असतील, तर ते चालत नाही, तिथे ‘संप्रवदन्ति’. पतंजलीच्या महाभाष्यात त्यासाठी ‘वरतनु संप्रवदन्ति कुक्कुटाः’, हे सुंदरी, कोंबडे आरवू लागले, असा कोण्या कवीचा तुकडा दिलेला आहे. धातू तोच, समूहही तसाच, पण व्यक्तवाणी नाही म्हणून शेवटचे अक्षर बदलले. किलबिल आणि बडबड या शब्दांत आपण जो भेद करतो, तो इथे एका मात्रेवर तोललेला आहे.

आणि ही रेष पुसणारा श्लोक पुण्यातल्या कितीतरी घरांत रोज दिवेलागणीला म्हटला जातो. रामरक्षेतला ‘कूजन्तं रामरामेति मधुरं मधुराक्षरम्’. कवितेच्या फांदीवर चढून राम-राम असे कूजन करणाऱ्या वाल्मीकीरूपी कोकिळाला वंदन. मी हा श्लोक लहानपणापासून पाठ म्हणत आलो आणि ‘मधुराक्षरम्’ हा शब्द कायम तोंडातून घसरून गेला. कूजन म्हणजे ज्यात अक्षर नाही तो आवाज; आणि इथे कूजन आहे, पण अक्षरांसह आहे. श्लोक करणाऱ्याला धातूचा अर्थ ठाऊक नव्हता असे समजण्याचे काही कारण नाही. उलट त्या विरोधामुळेच वाल्मीकी नुसता कोकिळ राहत नाही. पक्ष्याला माणसाच्या बाजूला ओढण्याची ही ओढ त्याहूनही फार जुनी आहे: ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलाच्या शेवटच्या सूक्तात पक्ष्याला उद्देशून ‘उद्गातेव शकुने साम गायसि’ असे म्हटले आहे, हे पक्ष्या, तू यज्ञातल्या उद्गात्यासारखा साम गातोस. आणि देहूच्या तुकोबांनी वृक्षवल्लींना सोयरे म्हणताना पक्ष्यांना जे क्रियापद दिले ते ‘आळविती’. आळवणे हे आलापाशी नात्याचे क्रियापद. विनवणीचा, देवाला हाक मारण्याचा अर्थ त्यात आहे. तिथे ‘किलबिलती’ बसले असते, पण मग पक्षी सोयरे झाले नसते.

कोकिळाविषयी एक दुरुस्ती जाता जाता. आपण ‘कोकिळा गाते’ म्हणतो. कुहू-कुहू करतो तो काळाभोर नर. मादी ठिपकेदार असते आणि तिचा आवाज किक्-किक् असा तुटक. त्याचा स्वर पंचम, ही संगीतशास्त्रातली जुनी रूढी. प्रत्यक्षात त्याची हाक एका स्वरावर ठरत नाही, ती खालून वर घसरत जाते.

एकेका पक्ष्याच्या आवाजाला स्वतंत्र नाव मिळण्याचा मान फार थोड्यांना मिळाला आहे. मोराची ‘केका’ हे त्यातले ठळक उदाहरण. अमरकोश ‘केका वाणी मयूरस्य’ एवढेच सांगतो. इथे रव नाही, शब्द नाही, थेट ‘वाणी’. बारामतीला राहिलेल्या मोरोपंतांनी, म्हणजे १७२९ ते १७९४ या काळातल्या पंडित कवीने, आपल्या देवाच्या विनवणीच्या काव्याला ‘केकावली’ हे नाव दिले त्यात स्वतःच्या नावातला मोर धरला आहे. मोर मेघाला हाक मारतो, तशी ही ओळीने मारलेली हाक. वेताळ टेकडीवर पावसाच्या तोंडावर मोर ओरडतो तेव्हा तो आवाज कानाला गोड लागतो असे म्हणणे कठीण आहे, पण हाक आहे याबद्दल शंका राहत नाही.

आवाजाचे अनुकरण न करता आवाज पकडण्याच्या आणखी दोन तऱ्हा मराठीने काढल्या आहेत. एक तऱ्हा तुलनेची. हिरवा, कपाळावर तांबडा डाग असलेला एक लहान पक्षी उन्हाळ्यात उंच फांदीवर बसून ‘टुक्-टुक्-टुक्’ असा एकसुरी ठोका तासन्‌तास देत राहतो. त्याला नाव दिले तांबट. कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातोडीखाली तांब्याचे पातेले फिरताना ज्यांनी ऐकले आहे, त्यांना या नावाचा खुलासा लागत नाही, मात्र ज्यांनी ते ऐकले नाही अशी मुले आता उलट्या वाटेने, पक्ष्यावरून कारागिरापर्यंत जातात. दुसरी तऱ्हा वाक्याची. पावसाळ्यापूर्वी ओरडणाऱ्या पावशाच्या तीन अक्षरी हाकेत आपल्या शेतकऱ्याने ‘पेरते व्हा’ ऐकले. उत्तरेत त्याच पक्ष्याच्या त्याच हाकेत विरहिणीला ‘पी कहाँ’ ऐकू आले, आणि उकाड्याने हैराण झालेल्या साहेबाला ‘ब्रेन फीव्हर’. आवाज अव्यक्त असतो म्हणजे काय, हे याहून सोपे करून सांगता येणार नाही: ज्यात वर्ण नाहीत, त्यात प्रत्येकाला आपापले वर्ण घालायला जागा असते.

पुढच्या रविवारी सकाळी सहाच्या सुमारास त्या मुलीला गच्चीवर बोलावले आणि वही-पेन्सिल आणायला सांगितली. सांगितले एवढेच, की जे ऐकू येईल त्यातले जे ओळखता येईल ते एकेक वेगळे काढून लिहायचे. सुरुवातीला ती नुसती गोंधळून बघत राहिली. मग कावळा सुटला, तो सोपा होता. चिमण्या आमच्या इमारतीत कमी झाल्या आहेत, पण जिन्याच्या मीटरपेटीवर एक जोडी आहे, तिची चिवचिव सुटली. पारवा जाळीबाहेर घुमत होता. समोरच्या वडावरचा तांबट मी दाखवला, आणि एकदा कानाला धरल्यावर तो तिला सारखा ऐकू येऊ लागला. बुलबुल, मग तारेवरचा दयाळ. दर नावागणिक झाडातला आवाज तेवढा विरळ होत गेला, असे तिचे म्हणणे. ‘काका, आता कमी ओरडतायत का?’ असे तिने विचारलेही. ते कमी ओरडत नव्हते.

पंधरा मिनिटांनी तिने वही पुढे केली. एकाखाली एक सहा नावे होती, प्रत्येकापुढे आवाज. त्याखाली रेघ मारून तिने लिहिले होते: बाकी किलबिल.